कठड्यापाशी दोघं

"आजी, पालकांनी बाहेर थांबायचं," दारावरचा रखवालदार म्हणाला. "कार्यक्रम संपला की मुलं याच दारातून येतील."

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. दातांच्या दवाखान्यात जन्मभर लोकांना आ करायला लावलं आणि आज स्वतःवरच आ वासायची वेळ आली! त्यांनी पर्समधून तिकीट काढलं, तोवर मागून आवाज आला,

"त्या माझ्याबरोबर आहेत. मी त्यांचा नातू."

वळून पाहिलं, तर नातवाचं डोकं कापसासारखं पांढरंशुभ्र! रखवालदार खो-खो हसला आणि दोघांनाही आत सोडलं.

"नातवानं आजीला गर्दीतून सांभाळून न्यायचं असतं," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

"आजी अजून खमकी आहे," बाई म्हणाल्या. पण हात... धरला.

मंचासमोरच्या लोखंडी कठड्याला टेकून दोघं उभे राहिले. आजूबाजूला सगळी विशीतली पोरं. आज मंचावर येणाऱ्या या चौघा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची कॅसेट बाईंनी कॉलेजात असताना टेप झिजेपर्यंत ऐकली होती. तेव्हाही चौघं शहरात आले होते. पण "असल्या धांगडधिंग्याला चांगल्या घरच्या मुली जात नाहीत," म्हणत वडिलांनी दाराला कडी घातली. पुढे दवाखाना, संसार, यजमानांचं आजारपण... ते गेले, लेक सासरी गेली आणि गाणं राहूनच गेलं. आज निघतानाही लेक फोनवर म्हणाली होती, "आई, गुडघे बघ आधी!"

पहिले सूर निघाले. गाणाऱ्याचा आवाज आता घोगरा झाला होता, वरच्या पट्टीत चढताना त्याला धाप लागत होती. पण शब्द तेच होते. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"रडताय?"

"घाम आहे."

"डोळ्यांतून?"

"तुम्ही समोर बघा."

"बघतोच आहे," तो म्हणाला. त्याची नजर मात्र... समोर नव्हती.

त्याचा छापखाना होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या पहिल्या कार्यक्रमानंतर शहरात कुठेही गाणं असलं, की हे दोघं कठड्यापाशी हजर. बाई पोरींबरोबर टाळ्यांचा ठेका धरायच्या, तो मान डोलवायचा. बोलताना मात्र तो दर वेळी मान वाकडी करून डावा गाल पुढे आणायचा.

"खालची उजवी दाढ," एकदा बाईंनी निदान केलं. "कधीपासून अंगावर काढताय?"

तो हसला आणि विषय बदलला.

आणि मग तो यायचाच थांबला. एका कार्यक्रमाला नाही, दुसऱ्याला नाही. फोन उचलेना. शेजारची जागा रिकामी ठेवून बाईंनी गाणं ऐकलं खरं, पण त्यात जीव रमेना. शेवटी त्या थेट छापखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. मशीन धडधडत होतं, शाईचा वास कोंदला होता आणि हा पाठमोरा कागदांच्या थप्प्या लावत होता. तीन हाका मारल्या तरी ओ नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तसा तो दचकला.

"मशीन बंद करा आधी," बाई म्हणाल्या.

मशीन थांबलं.

"दाढ नाही हो," तो खाली बघत म्हणाला. "कान. उजवा या मशीननं कधीच खाल्ला. आता डावाही चाललाय. मागे तुम्ही म्हणालात, बासरी काय सुंदर वाजली! मी मान डोलावली. बासरी होती, हेच मला कळलं नव्हतं."

"मग इतके दिवस येत कशाला होतात?"

"गाणं सुरू झालं की तुम्ही डोळे मिटता. तेवढा वेळ मला तुमच्याकडे... निवांत बघता येतं."

बाईंचा चेहरा तापला. "आणि थांबलात का?"

"एखाद्या दिवशी तुम्ही काहीतरी मोलाचं बोलाल आणि मी नुसती मान डोलावीन... भीती वाटली."

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. मग दवाखान्यातल्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाल्या, "रविवारी दुपारी बागेत पुन्हा त्याच चौघांचं गाणं आहे. कानाचं यंत्र लावून यायचं. लाज वाटत असेल तर सांगते, माझे पुढचे दोन दात खोटे आहेत!"

तो इतका हसला, की थप्पीच कोसळली.

रविवारी तो आला. कानात नवं यंत्र, अंगावर इस्त्रीचा शर्ट. ढोल घुमायला लागले, तसा बाईंनी त्याचा तळवा कठड्यावर दाबून धरला. लोखंडातून ठेका हातात चढला आणि त्याचे डोळे लकाकले. बाईंच्या मनात कधीपासून घोळत होतं, ते आता ओठांवर आलं. त्या डाव्या कानाशी वाकल्या आणि सगळा दम एकवटून ओरडल्या,

"मला तुम्ही आवडता!"

नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं.

बागभर शांतता. शेकडो माना वळल्या. मंचावरच्या म्हाताऱ्या गायकानं छातीवर हात ठेवून विचारलं, "मी?" आणि हास्याचा एकच कल्लोळ उठला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

"काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

पुढची एक पोरगी मदतीला धावली. "आजोबा, त्या म्हणतायत की..."

"थांब गं," तो म्हणाला. पार कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. "ऐकलं मी. मला फक्त... पुन्हा एकदा ऐकायचं होतं."

बाईंनी पुन्हा सांगितलं. या वेळी अगदी हळू.

मंचावर पुढचं गाणं सुरू झालं. कॉलेजच्या दिवसांतलं, बाईंचं सगळ्यात लाडकं. त्यांनी ते मुळीच ऐकलं नाही.