आणखी काही?

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट थांबली, दिवा दोनदा लुकलुकला आणि मग सगळं कसं शांत शांत झालं. मला पहिल्यांदा आठवण झाली ती जिन्याची. सहा मजले चढून गेले असते तर काही पाय झिजले नसते! मी घंटेचं बटण दाबलं, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. दहा मिनिटांनी वरून ठकठक झाली.

"आत कितीजण आहात?"

पुरुषाचा आवाज. जरासा खरखरीत, पण निवांत... रविवारी दुपारी असतो तसा.

"एकच."

"घाबरलात?"

"नाही. किती वेळ लागेल तेवढं सांगा."

"दार जाम झालंय. अर्धा तास धरून चाला. तोवर देवाचं नाव घेत बसा, मॅडम. बरं वाटतं लोकांना."

"त्याऐवजी दुसरं काही चालेल का?"

वर पाना खाली पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ हसू आलं. मोठं, मोकळं हसू. "आठ वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. आतून असं उत्तर आजवर आलं नव्हतं. मग असं करा, काहीही बोला, पण बोलत राहा. आतून आवाज येत राहिला की मला बरं वाटतं."

माझ्या मांडीवर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. दिवस फुकट गेला तर प्राध्यापकबाई बोलणार हे नक्की होतं. म्हटलं, बघू तरी.

"तुमची देवावर श्रद्धा आहे का?"

वरचं काम थांबलं. "अडकलेल्या माणसानं मला हे विचारावं म्हणजे कमाल झाली!"

मग मी त्याला सगळं समजावलं. एका अभ्यास केंद्रात मी नोकरी करते. ज्यांची श्रद्धा पूर्वी होती आणि आता नाही, किंवा जे 'माहीत नाही' म्हणतात, अशा माणसांना गाठायचं आणि का ते विचारायचं. माणूस बोलेल ते शब्दन् शब्द लिहून घ्यायचं. थांबला तर कंसात 'थांबले', हसला तर कंसात 'हसले'. आपण मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही, मत तर मुळीच द्यायचं नाही. तो बोलायचा थांबला की एकच वाक्य बोलायची परवानगी... आणखी काही?

"म्हणजे तुम्ही नुसत्या ऐकणार?"

"हो."

"देवासारख्या," तो म्हणाला. मी कंसात 'हसले' लिहिलं. कोण हसलं ते लिहिलं नाही.

"मग लिहा. मी तुमच्याच कामाचा माणूस निघालो. कारण एक असं की, अडकलेली माणसं आतून देवाला हाका मारतात आणि येतो मी, हातात पाना घेऊन. बाहेर आल्यावर म्हणतात, अगदी देवासारखे धावून आलात! आणि निघून जातात. चहाचं कुणी विचारत नाही. देवाला कोण चहा विचारणार?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. "आणखी काही?"

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत राहिली. मी 'थांबले' लिहिलं. मग तो बोलायला लागला तेव्हा आवाज दाराच्या अगदी जवळ आला होता.

"सहा वर्षांपूर्वी माझी आई आजारी होती. एकवीस दिवस दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर मी आणि एक आजोबा. त्यांची बायको शेजारच्या खाटेवर. मला प्रार्थना धड येत नव्हती, ती त्यांनी शिकवली. एकाच बाकावर बसून, एकाच वेळी, दोघं एकच प्रार्थना म्हणायचो. डबाही वाटून खायचो." तो थांबला. "बाविसाव्या दिवशी माझी आई उठून बसली. त्यांची बायको गेली. आजोबा माझ्याकडे आले, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, तुझं ऐकलं बघ त्यानं... मी आभार मानायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. एकाच बाकावरून गेलेले दोन अर्ज, एक मंजूर, एक नामंजूर? तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो, माहीत नाही. आहे की नाही, खरंच माहीत नाही. पण मागायला काही जमत नाही आता."

त्याच्या आधीच्या एकशे सोळा जणांपैकी कितीतरी जणांनी मला सांगितलं होतं की मागितलेलं मिळालं नाही म्हणून सोडलं. मिळालं म्हणून सोडलेला हा पहिलाच. मला एकदम त्या आजोबांची विचारपूस करावीशी वाटली. पण नियम म्हणजे नियम.

"आणखी काही?" मी विचारलं.

"आहे की. दार उघडलंय."

पाचव्या मजल्याची फरशी माझ्या छातीपर्यंत आली होती. फटीतून आधी फडका दिसला, मग त्या फडक्याला पुसला जाणारा हात, मग गुडघ्यावर वाकलेला तो. कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळे असे की त्या रविवारच्या आवाजाला ते शोभत होते. मी आधी फॉर्म वर दिले.

"माणूस नंतर, कागद आधी?"

"कागद आपला शब्द फिरवत नाही. माणसाचं काय सांगावं!"

त्यानं हात पुढे केला. मी धरला... आणि वर आल्यावर सोडायला अर्धा क्षण उशीर झाला. माझ्याकडूनच. ते कुठल्या कंसात लिहायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"आठ वर्षांत पहिल्यांदाच!" तो म्हणाला. "देवाशप्पथ!"

"माहीत नाही म्हणता, आणि शपथ घेता?"

"भाषा आईकडून आलीय हो. ती कशी सोडू?"

प्राध्यापकबाईंनी फॉर्म एकशे सतरा वाचला, चष्मा काढला, परत लावला आणि परत वाचला. "हा माणूस जपायचा," त्या म्हणाल्या. "अहवालाची सुरुवातच याच्यापासून करू. तीन महिन्यांनी दुसरी मुलाखत, वर्षानं तिसरी. आणि लक्षात आहे ना, मधल्या काळात ओळखपाळख वाढवायची नाही. ओळखीच्या माणसाला माणूस खरं सांगत नाही. ओळख झाली की फॉर्म रद्द."

मी मान हलवली. माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, याच गुणावर तर मला नोकरी मिळाली होती.

आणि नेमकी आमच्या केंद्राच्या इमारतीची लिफ्टही त्याच्याच कंपनीकडे होती. दर मंगळवारी तो तेलाचा डबा घेऊन यायचा. दहा वर्षं कुरकुरत चाललेली ती लिफ्ट अचानक इतकी तपासणी करून घ्यायला लागली की शिपाईकाका म्हणाले, "हिला झालंय तरी काय?"

मी त्याला नियम सांगितला. तो विचारात पडला.

"म्हणजे आपण अनोळखी राहायचं."

"हो."

"मग अनोळखी माणूस म्हणून विचारतो. चहा?"

"अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये, असं आई सांगते."

"शहाणी बाई आहे. मी कप इथं ठेवून बाजूला होतो. तुम्हाला तो सापडला असं समजा."

दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक बाक होता. त्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, आणि मधे दोन अनोळखी माणसांचे कप. बाहेर कधी ऊन असायचं, कधी पाऊस भुरभुरत असायचा. आम्ही काही बोलायचो नाही, म्हणजे कामाचं काही बोलायचो नाही. तो मला 'आणखीकाही बाई' म्हणायला लागला. आणि उठताना दर वेळी, अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आणि तुमचं काय? देवाचं?"

"नियमात बसत नाही," मी म्हणायचे.

"बरं," तो म्हणायचा आणि कप धुवायला घेऊन जायचा.

नियमाची ढाल बरी होती. खरी गोष्ट अशी, की त्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर कुणालाच दिलेलं नव्हतं. एकशे चाळीस माणसांची कपाटं मी उघडून पाहिली होती, माझं मात्र कुलूपबंद. रोज संध्याकाळी आई प्रार्थनेला बसायची आणि मी तिच्या शेजारी. डोळे मिटून, तोंड मिटून. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिला सांगितलं तर ती एकटी पडेल, या भीतीनं मी सात वर्षं मूग गिळून बसले होते. आणि आता हा एक माणूस दर मंगळवारी येऊन त्याच दारावर ठकठक करत होता.

तीन महिने झाले. दुसऱ्या मुलाखतीला तो ठरलेल्या वेळी आला. धुतलेला शर्ट घालून, नखांतलं ग्रीस घासून काढून. छोटी खोली, टेबल, दोन खुर्च्या. मी फॉर्म उघडला.

"गेल्या तीन महिन्यांत तुमच्या मतात काही बदल झाला?"

"मतात नाही. अजून माहीतच नाही म्हणतो." तो थांबला. "पण पूर्वी तसं म्हटलं की एकटं वाटायचं. आता नाही वाटत."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. "आणखी काही?"

"हो. तिसरी मुलाखत कधी?"

"वर्षानं."

"मग लिहा, की उत्तरदात्याला वर्षभर अनोळखी राहणं जमणार नाही. बाकाच्या त्या टोकाला बसून रोज... म्हणजे दर मंगळवारी... नाही जमणार. तुमचा फॉर्म महत्त्वाचा आहे, मला कळतं. म्हणून ही इमारत मी दुसऱ्या कारागिराला देऊन टाकतो. वर्षानं येईन, उत्तरं देईन, जाईन."

त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. तो उठायला लागला. आता मी काही बोलले नाही तर हा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि बोलायचं म्हटलं तर माझ्यापाशी सांगण्यासारखी एकच गोष्ट होती.

"बसा," मी म्हटलं. "सांगते."

तो बसला. मी पेन खाली ठेवलं.

"माझे बाबा गेले म्हणून माझी श्रद्धा गेली, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. ते जायच्या आधीच गेली होती. आणि काही झालंच नव्हतं हो! मी इस्त्री करत होते. दुपार होती. इस्त्री करता करता मनात प्रार्थना म्हणायची मला लहानपणापासूनची सवय. चौथा शर्ट घडी घालताना लक्षात आलं, की बऱ्याच वेळापासून आपण काही म्हणतच नाही आहोत. आणि काही कमी वाटत नाहीये. मी पाचवा शर्ट घेतला. बस्, एवढंच. कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही, मी कुठलं पुस्तक वाचलं नाही. या फॉर्मवर कारणांच्या अकरा चौकटी आहेत. माझी एकही नाही. मी ही नोकरी का धरली माहितीये? वाटलं, एवढ्या माणसांत कुणीतरी एक सांगेल, की मीसुद्धा इस्त्री करत होतो..."

त्यानं मान डोलवली नाही, अरेरे म्हटलं नाही.

"आणि आईपाशी रोज बसते. डोळे मिटून. सात वर्षं खोटं बसते."

"आईपाशी बसणं खोटं कसं असेल?" तो हळूच म्हणाला.

त्यानं माझं पेन उचललं, माझाच फॉर्म स्वतःकडे ओढला आणि अगदी माझ्यासारखा कोरा चेहरा करून विचारलं,

"आणखी काही?"

"आहे," मी म्हटलं. "मंगळवार मला फार लांब वाटतो. आठवड्यातून एकदाच येतो तो."

त्यानं फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. कंसात लिहिलं होतं, 'लाजल्या'.

"मी लाजले नाही!"

"जे दिसेल ते लिहायचं. नियम आहे."

मी फॉर्म हिसकावून घेतला आणि शेवटच्या पानावर, जिथं 'मुलाखत रद्द' असं छापलेलं असतं, तिथं खूण केली. कारण: 'परस्परांच्या परिचयाचे'. तो वाचून म्हणाला, "परिचय? एवढ्यावरच भागवलंत?" खाली 'इतर' म्हणून एक रेघ होती. ती मी कोरी सोडली. प्राध्यापकबाईंना एका दिवसात किती धक्के द्यायचे!

त्या संध्याकाळी आई प्रार्थनेला बसली. मी शेजारी बसले, पण डोळे मिटले नाहीत. तिचं संपेपर्यंत थांबले आणि मग सांगून टाकलं, की मी यातलं काही म्हणत नाही. बऱ्याच वर्षांपासून.

आईचे हात मांडीवर तसेच राहिले. "मग इतकी वर्षं इथं बसून काय करत होतीस?"

"तुझा आवाज ऐकत होते. तुझा आवाज आला की मला बरं वाटतं."

ती भिंतीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायची तिनं घाई केली नाही. तिला दुखलं होतं, मला दिसत होतं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही. थोड्या वेळानं नाक ओढून, जराशा रागानंच तिनं विचारलं,

"आणखी काही?"

मला हसू फुटलं. रडूही.

"आहे ना," मी म्हटलं. "एक लिफ्टवाला आहे."

आई माझ्याकडे वळली. "देवाला मानतो?"

"माहीत नाही म्हणतो."

"चहा घेतो?"

"घेतो. कप धुऊनही ठेवतो."

"मग मंगळवारपर्यंत कशाला थांबतेस?" आई म्हणाली. "उद्याच बोलाव."

मंगळवारचं मी तिला कधी सांगितलं होतं, ते मला अजून आठवलेलं नाही.