निरोप आधी फ्रेमाला

घानातल्या टेचिमानच्या बाजारात, जिथे याम नावाचे कंद विकतात, ट्रक मागे घेताना ड्रायव्हर आरशात बघत नाहीत. बायकांच्या हाकेवर गाडी घेतात. अक्राहून नव्याने आलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? खांद्याला लॅपटॉपची पिशवी लावून तो वाटेच्या मधोमध उभा होता, पापण्यांवर हरमॅटन वाऱ्याची धूळ घेऊन शेडवरची नावं वाचत. फ्रेमाने पिशवीचा पट्टा धरला आणि त्याला कंदांच्या ढिगापाशी ओढून आणलं. तो उभा होता तिथून ट्रक निघून गेला.

"अक्रात रस्ता बघायला शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात की. पण तिथले ट्रक तोंडाच्या बाजूने येतात."

तिला हसू आलं. ते तिने ओठांत दाबलं.

"कुणाकडे आलात?"

"यामच्या राणीकडे. सॉफ्टवेअर बसवायचंय. म्हातारी फार कडक आहे म्हणे..."

"आणि तिची भाची?"

"तिच्याबद्दल काही ऐकलं नाही."

"आता ऐकाल," फ्रेमा म्हणाली. "मीच ती."

त्याचं नाव सेन्यो. हो शहराकडचा, एवे जमातीचा माणूस, नोकरीला अक्रात. राणीआई म्हणजे साऱ्या याम विकणाऱ्यांची प्रमुख. भाव तिच्या शब्दाने ठरत, भांडणं तिच्या पायाशी मिटत. तिच्याशी थेट कुणी बोलत नसे. ती दोन हातांवर बसलेली असली, तिला सगळं ऐकू येत असलं, तरी बोलणं फ्रेमाशी करायचं. मग फ्रेमा तेच, कंगोरे घासून, राणीआईला सांगायची. सव्विसाव्या वर्षी ही जागा मिळालेली आमच्या बाजारात ती पहिलीच. तिच्या चालण्यातही ते दिसायचं.

सॉफ्टवेअरचा हट्ट तिचाच होता. आदल्या साली मागच्या बाजूचा एक ढीग विसरला गेला आणि अर्धी शेड सडली. तेव्हापासून ती मावशीच्या मागे लागली होती.

पहिला आठवडा नोंदी करण्यात गेला. सेन्यो उपड्या टोपलीवर बसून टाईप करायचा आणि ती शेडमागून शेड सांगत जायची... कुठला ढीग कुठल्या गावचा, कधी आला, कितीचा.

"थांबा जरा. हे सगळं पाठ केलंयत?"

"पाठ कशाला करायचं? ओळखीचे आहेत."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "टाईप करा, साहेब," ती म्हणाली. "ढीग तिकडे आहे."

मग त्याने इशारे लावले. ढीग महिन्याहून जुना झाला, शेडमधली गरमी वाढली, माल दोन ट्रकांपेक्षा कमी उरला, की फोनवर निरोप जाईल. मालकीण राणीआई, म्हणून त्याने तिचाच नंबर घातला. तिला वाचता येत नाही, म्हणून निरोप मोठ्याने बोलून दाखवायची सोयही केली. फ्रेमा त्या दिवशी मामाच्या गावी होती. विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी राणीआई कुमासीच्या व्यापाऱ्यांबरोबर भाव ठरवत बसली होती. तिच्या मांडीवरचा फोन बोलला, "तिसरी शेड. कंद सडायला लागले आहेत."

ना नमस्कार, ना खुशाली. व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. राणीआईने फोन कापडाखाली उपडा घातला आणि व्यापारी उठून जाईपर्यंत भावच ठरवत राहिली.

मग म्हणाली, "फ्रेमा, त्याला सांग, उद्या आपलं यंत्र घेऊन जा."

सेन्यो तिथेच उभा होता. त्याने ते ऐकलं. फ्रेमा त्याच्याकडे वळली.

"राणीआई म्हणतात, यंत्राला अजून रीतभात नाही. ती शिकवायला तुम्हाला उद्यापर्यंत वेळ आहे."

राणीआईने डोळे मिटून घेतले. पण नाही म्हणाली नाही.

"खोटं काय बोललं यंत्र?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं. "सडत होतेच ना?"

"सडत होतेच. म्हणून काय चारचौघांत ओरडायचं? तुमच्या घरी वडिलांना असंच सांगता? माझा नंबर घाला. तिला मी सांगेन."

"आणि तुम्ही ऐकलं नाही तर? तासाभरात उत्तर आलं नाही, तर यंत्र पुढच्या माणसाला कळवतं. दुसरं नाव हवं."

"मी ऐकते."

"तरी यंत्राला नाव लागतंच, फ्रेमाबाई."

तिने क्षणभर विचार केला... "मग तुमचंच घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप तिच्या फोनवर आला. ती मावशीच्या कानाशी वाकली. "राणीआई, पहिल्या शेडमधला कोपऱ्यातला ढीग हवेवर काढायला झालाय." राणीआई उठली, ढीग उघडायला लावला. एकही कंद सडला नव्हता. यंत्र राहिलं.

सेन्यो अक्राला परतला. पण फोन येत राहिले. आधी कामाचे, मग कामाच्या नावाखाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"चार महिने झाले," तो एकदा म्हणाला. "एकही इशारा माझ्यापर्यंत आला नाही."

"येणारही नाही."

"एखादा चुकव ना."

"तुझा फोन वाजावा म्हणून माझा माल सडू देऊ?"

"एखादा छोटासा कंद..."

"एकसुद्धा नाही," ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावरही तो कितीतरी वेळ तिच्या हातात होता.

पाचव्या महिन्यात तो आला. काम काही नव्हतं. "अक्राला चल," म्हणाला. "लग्न करू. तुझ्यासारख्या बाईला आमची कंपनी डोक्यावर घेईल."

"आणि इथे राणीआईजवळ कोण?"

"मिळेल कुणीतरी."

"कुणीतरी," फ्रेमा म्हणाली. तिने एक कंद उचलला, त्याची माती पुसत बसली. आपण काय बोलून गेलो, ते त्याला तिच्या बोटांवरून कळलं.

मग ती म्हणाली, "शिवाय ही गोष्ट मला सांगायची नसते. मावशीला विचारायची असते."

"मावशीशी बोलायचं म्हणजे..."

"माझ्यामार्फत."

सेन्योने कपाळावर हात मारला.

तिसऱ्या प्रहरी तो इस्त्रीच्या सदऱ्यात शेडमध्ये उभा राहिला. राणीआई स्टुलावर, शेजारी फ्रेमा. बायकांनी हातातली मोजणी थांबवली.

"राणीआईंना सांगा," तो फ्रेमाला म्हणाला. "मला त्यांची भाची आवडते. तिच्याशी लग्न करायची परवानगी मागतो. माझी वडीलधारी माणसं रीतीप्रमाणे मागणीची दारूची बाटली घेऊन मागाहून येतील."

फ्रेमाचे कान तापले. पण ती मावशीकडे वळली तेव्हा आवाज भाव सांगतानाचाच होता.

"राणीआई, हा माणूस म्हणतो, या बाजारातल्या एका मुलीचं काम त्याने पाहिलंय. तिची जागा रिकामी करायला तो आलेला नाही. तिच्या शेजारी जागा मागायला आलाय. अक्रातली खोली सोडून तो टेचिमानला राहील, आपलं काम इथून करील. त्याची माणसं बाटली घेऊन येतील."

सेन्यो तिच्याकडे बघत राहिला. शेडमध्ये प्रत्येकीने दोन्ही बोलणी ऐकली होती.

"विचार त्याला," राणीआई म्हणाली. "तू बोललीस ते त्याचंच का?"

तो नाही म्हणाला असता, तर फ्रेमाची जागा त्याच दिवशी गेली असती. दुसऱ्याच्या तोंडी आपली इच्छा घालणारीला आमच्याकडे पुन्हा कुणी बोलायला उभं करत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हनुवटी वर, नजर समोर. फक्त कापडाचा काठ मुठीत घट्ट धरलेला.

"राणीआईंना सांगा," सेन्यो सावकाश म्हणाला, "इतकं नीट मला बोलता आलं नसतं. पण ते माझंच आहे. शब्द न् शब्द."

फ्रेमाने तोंड उघडलं. पहिल्यांदाच तिच्याकडे शब्द नव्हता. बायका तोंडाला कापडाचं टोक लावून हसायला लागल्या.

"मी अजून काही ऐकलेलं नाही," राणीआई छपराकडे बघत म्हणाली.

"तो म्हणतो... हो म्हणतो."

"आणि मुलगी?"

"मुलीच्या वतीने बोलायला कुणी नाही, राणीआई."

"मग तिलाच बोलू दे."

फ्रेमा वळली. साऱ्या बाजारासमोर तिने मान ताठ ठेवून त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि, मध्ये कुणाला न घेता, म्हणाली, "हो."