ऑर्सव्हालचा जोडरस्ता

कुंदन बोरसेचं काम रिपीट जुळवण्याचं. सुरतेत छापल्या जाणाऱ्या कापडावर फुलं असोत, मोर असोत, नाहीतर नुसत्या रेघा, नक्षी काढली जाते ती एका चौकोनापुरतीच. तोच चौकोन वर-खाली, डावी-उजवीकडे छापत गेलं की कापडाचा अख्खा तागा भरतो. म्हणून उजव्या काठावर तुटलेली वेल डाव्या काठावर तिथूनच पुढे सुरू व्हावी लागते आणि वर अर्धं कापलेलं पान खाली पुरं व्हावं लागतं. सांधा दिसला की माल परत. या कामात कुंदनचे केस पिकायला लागले होते. काठावर काही अर्धवट सुटलेलं त्याला बघवत नसे. लग्नाच्या जेवणात शेजारच्या दोन पत्रावळींचे काठ जुळत नाहीत म्हणून सरकवत बसणारा माणूस तो.

त्या उन्हाळ्यात त्याच्या कडोदऱ्याच्या ऑफिसात बन्सीलाल नावाच्या दलालानं एक निराळं काम आणलं. फ्रान्स देशात ऑर्सव्हाल नावाचं एक लहानसं खेडं आहे, तिथल्या लोकांना गावच्या जुन्या धुणघाटाचं छप्पर दुरुस्त करायचं होतं. गावाच्या चित्राचं पडद्याचं कापड छापून घ्यायचं, ते विकायचं आणि त्यातून कौलं आणायची, असा त्यांचा बेत. त्यांनी गावाचे ढीगभर फोटो आणि एक जुना नकाशा पाठवला होता. अट एकच, चित्रात माणसं नकोत, नुसतं गाव हवं.

कुंदन त्या फोटोंत बुडाला. काही दिवसांत त्याला ते गाव तो राहायचा त्या डिंडोलीच्या गल्ल्यांइतकं पाठ झालं. चुनखडीच्या पांढरट डोंगराखाली एक अरुंद दरी. नदी गावाला विळ्यासारखा वळसा घालून जाते. तिच्यावर एकाच कमानीचा दगडी पूल, गावात यायचा तेवढाच मार्ग. पुलावरून आत आलं की अक्रोडाचं मोठं झाड, मग निळ्या-काळ्या फरशांच्या टोकदार कळसाचं चर्च, बंद पडलेली पाणचक्की आणि डोंगरातून काढलेल्या दगडांचीच घरं. गावाच्या शेवटी तो धुणघाट: चार खांबांवर छप्पर, खाली लांबट दगडी कुंड, कडेला कपडे आपटायला उतरत्या शिळा. त्यात झऱ्याचं पाणी बारा महिने. कुणी वारलं की त्याची अंथरुणं शेवटच्या शिळेवर धुवायची, असा तिथला जुना रिवाज एका फोटोमागे लिहिलेला होता. घाटाच्या मागून एक चढण चेस्टनटच्या झाडांतून वर जाते ती कबरस्तानाच्या लोखंडी फाटकापर्यंत, आणि तिथेच संपते. गावात यायला पूल आणि गावातून शेवटचं जायला ही चढण.

कुंदननं सगळं जसंच्या तसं काढलं. बन्सीलालनं स्क्रीनवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"कुंदनभाई, ये उपर क्या बनाया?"

"कब्रस्तान. उनके गाँव का है."

"अरे भला आदमी, लोग परदा टांग के सोएँगे के मय्यत में बैठेंगे? निकालो इसको!"

कुंदननं कबरस्तान काढून टाकलं. आता चढण वरच्या काठावर जाऊन हवेत तुटत होती. त्याला ते सहन होईना. त्यानं ती जराशी वळवली, लांबवली आणि वरच्या काठातून नेऊन खालच्या काठावर, पुलाकडे येणाऱ्या रस्त्याला जोडून टाकली. जोड असा बसला की कापडावर भिंग फिरवलं तरी सापडू नये. बन्सीलालनं पहिल्या सॅम्पलवरून हात फिरवला. म्हणाला, "मक्खन!"

ते सॅम्पल कुंदन घरी घेऊन आला. डिंडोलीत कोणाच्याही घरात शिरा, पडदे, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचं झाकण, सगळं असंच कुठल्या ना कुठल्या कारखान्यातलं सॅम्पल. त्याच्या घरात पडद्याची गरजही होती. त्याची आई, शोभाबाई, होळीच्या सुमारास न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण म्हातारीनं भीतीनं पाय जमिनीला लावला नाही तो नाहीच. कधी काळी खानदेशात पांझरा नदीच्या काठानं डोक्यावर भारा घेऊन कोसभर चालणारी बाई खाटेवर सुकत चालली होती. तिचे पाय पुन्हा भुईला लागावेत, एवढं एकच मागणं कुंदन देवाकडे मागत होता. खाटेसमोरच्या खिडकीतून दुपारभर ऊन येई, म्हणून त्यानं ते कापड तिथे टांगलं. चित्र वर-खाली चारदा छापलेलं होतं.

शोभाबाईनं चष्मा लावला.

"हाई काय लयना रे भाऊ? एवढं मोठं गाव आन एक बी माणूस नही. पटकी उनी का तठे?"

"माणसं नको म्हणाले ते, माय."

"आन ढोरं?"

"तीपण नाहीत."

"मंग दूध कोठून पेतस? सुरतवरतीन पिशवी जास का?"

साडीवर टिकल्या चिकटवत बसलेली सोनाली, कुंदनची बायको, खुदकन हसली. कुंदनही बऱ्याच दिवसांनी हसला. त्यानं आईला पूल दाखवला, चर्च दाखवलं. धुणघाट तिला फार पसंत पडला. "डोकावर छप्पर घालीसन धुनं! राण्या सेतस त्या राण्या," ती म्हणाली.

म्हातारीला दिवसभर बघायला काहीतरी मिळालं, याचंच दोघांना बरं वाटलं. चार-आठ दिवस गेले असतील. एका दुपारी कुंदन घरी जेवायला आला. आई पडद्याकडे बघत होती.

"ती बाई कव्हयनी फिरी राहिनी," ती म्हणाली.

"कोण बाई?"

"हाईच ना. डोकावर चादरीसनं गाठोडं सें. पुलवरतीन येस, धुनं धोवस, वर जास... आन फिरी पुलवरतीन येस. तिले वर जावानं सें, भाऊ. रस्ता जाऊ देत नही."

कुंदननं घास ताटात ठेवला. चित्रात बाई नव्हती. त्यानं उठून कापड हातात धरून पाहिलं, उलटंही पाहिलं. कुठे काही नव्हतं. पण चढण कुठून कुठे जोडली आहे, हे त्यानं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून कोणाला कळलंही नसतं.

"म्हातारपण आहे. दिवसभर एकाच जागी नजर लावली की दिसतं काहीबाही," सोनाली स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. मग नाक वर करून, "अहो, तुम्हाला वास येतो का? ओल्या दगडाचा. विहिरीत वाकल्यावर येतो ना, तसा."

मे महिना होता. बाहेर भिंती तापून हात लावू देत नव्हत्या. वास येत होता.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई कमी बोलली. संध्याकाळी दिवा लावताना एवढंच म्हणाली, "मी तिले म्हंतं, चाल माय, मी दखाडस तुले वाट. एकली किती दिवस फिरशी?"

कुंदनला ते ऐकवेना. त्यानं तेव्हाच पडदा उतरवला, घडी केली आणि कपाटावर टाकली.

सकाळी आई उठली नाही. डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण हाक मारली तरी नजर हलत नव्हती. गल्लीतल्या डॉक्टरनं नाडी पाहिली, ब्लड प्रेशर पाहिलं. दोन्ही ठीक. दवाखान्यात हलवा म्हणाला. तो गेल्यावर सोनालीनं अंग पुसायला म्हणून पांघरूण दूर केलं आणि तिथूनच ओरडली, "अहो... पाय बघा!"

शोभाबाईचे पाय चालत होते. डावा, मग उजवा. खाटेवर पडल्या पडल्या, सावकाश, चढण चढणाऱ्या थकल्या बाईसारखे. ज्या खुब्याला हात लावू देत नव्हती, तोही हलत होता.

कुंदननं कपाटावरची घडी काढून पुन्हा खिडकीला लावली. आईचे डोळे हलले. पडद्यावर पुलापासून चर्चपर्यंत आले, चर्चपासून घाटापर्यंत, तिथून वर, काठापर्यंत... आणि पुन्हा खाली पुलावर.

"माय आत आहे," कुंदन म्हणाला.

सोनालीनं तोंडावर पदर धरला. "मग बाहेर काढा तिला... चित्र तुम्हीच काढलंय ना?"

त्यानं कापडावर चालणारं काळं पेन घेतलं. रस्ता तोडायचा, हे कळत होतं. चढणीच्या टोकाला कबरस्तानाचं फाटक काढलं की फेरा थांबेल. पण मग त्या फाटकातून आत कोण जाईल? ती बाई तर जाईलच. तिच्या बोटाला धरून चाललेली माय? तिची अंथरुणं कुंदनला अजून धुवायची नव्हती. हात फाटकाच्या जागेशी गेला आणि मागे आला.

त्यानं फाटक काढलं नाही. घाटाच्या कोपऱ्यावरून एक गल्ली काढली. डिंडोलीचीच: विजेचा खांब, कडेला लावलेली सायकल आणि शेवटी आपल्या घराचं पत्र्याचं दार, कडीसकट. चारही चौकोनांत तीच गल्ली, तेच दार. रेघा वाकड्या गेल्या, कशाला काही जुळलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं जुळवून पाहिलं नाही.

शेवटच्या दाराची कडी काढून झाली तेव्हा खाट करकरली. आईचे पाय थांबले होते.

"उनू रे भाऊ," शोभाबाई म्हणाली. "चहा ठेव म्हना तिले. लई चालनू."

सोनाली रडत रडत चहा ठेवायला गेली. कुंदननं आईचे तळवे हातात घेतले. ते बर्फासारखे थंड होते आणि टाचांना ओली पांढरी माती लागली होती. डिंडोलीची माती काळी.

त्या दिवसापासून म्हातारी सुधारली. पोटभर जेवली, शेजारणीला नेहमीसारखं टोचून बोलली. दोन दिवसांनी कुंदननं ऑफिसात जाऊन मूळ चित्रात कबरस्तान परत घातलं आणि बन्सीलालला बजावलं, त्यांच्या गावाचं जे आहे ते राहू द्या. बन्सीलाल कुरकुरला, पण गाववाल्यांनाही तसंच हवं होतं. घरच्या पडद्यावरही कुंदननं चढणीच्या टोकाला फाटक काढलं, अगदी फोटोसारखं, सळ्यांसकट. जोड तोडला. आता जिला वर जायचं ती वर जाईल, असं त्याला वाटलं.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. जोरात नाही; ओल्या हातानं पत्र्यावर थाप मारावी तसं. सोनालीनं दार उघडलं. कोणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर फरशी ओली होती आणि ओल आत येत होती.

"लावू नको दार," खाटेवरून शोभाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, पाहुणे आल्यावर असतो तसा. "बाहेर समदा उभा सेतस. त्या गावना, वर जावाले निंघेल."

"कोण समदे, माय?" कुंदननं विचारलं. "मी फाटक काढलंय ना त्यांना... वर..."

"ते तू आज काढं. त्या पहिलेच हाई गल्लीमा वळी गयात. मना मांगे चालतच उनात ना त्या. म्हातारा सेतस बिचारा. तान्हं बी सें एक."

सोनाली दारातून मागे सरली, भिंतीला टेकली. खोलीत ओल्या दगडाचा वास दाटला. बाहेर गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आऊट म्हणून ओरडलं. आत मात्र एकामागून एक, सावकाश, ओले कपडे भिंतीला घासत जावेत तसा आवाज होत राहिला.

शोभाबाईनं पडद्याकडे नाही, समोर पाहिलं. मग दोन्ही हात टेकून ती आपली आपण सरकली, मोडक्या खुब्याचा पाय गुडघ्यात दुमडून पोटाशी घेतला आणि खाटेवर पायथ्याला जागा केली.

"बठ, माय, बठ," ती म्हणाली. "लांबतीन उनी तू."

आणि कुंदनच्या डोळ्यांदेखत पायथ्याची गादी हळूहळू खाली दबली.