तळ्याकडे पाठ

डोंगरातल्या त्या तळ्यावर नेमकं कधी जावं, हा वाद त्यांच्या घरात इतकी वर्षं चालला होता, की तो मिटला असता तर जेवताना बोलायला दोघांना विषय उरला नसता. ती म्हणायची, उठू आणि जाऊ. तो म्हणायचा, जाऊ, पण नीट मोसम बघून जाऊ. आणि मोसम बघता बघता एकेक मोसम निघून जायचा. बर्फ वितळायला लागला की घाटात दरडी कोसळतात. भर उन्हाळ्यात सुट्ट्यांची झुंबड. पानगळीत रंग बघण्यासारखे असतात म्हणे, पण तेव्हा बसचा भरवसा नाही. हिवाळ्याचं तर नावच काढायला नको.

त्याचा तरी काय दोष? तो लिफ्टची तपासणी करणारा माणूस. उभ्या अंधाऱ्या बोगद्यात लिफ्टच्या टपावर चढायचं, लोखंडी दोरांवरून बॅटरी फिरवायची, कुठे तार तुटलीय का ते बोटांनी चाचपायचं, आणि खाली येऊन सही करायची. जी वस्तू कधी ना कधी तुटणार आहे ती एवढ्यात तुटणार नाही, असं लिहून देणं हे त्याचं काम. असा माणूस सहलीला निघतानाही दहा वेळा चाचपणारच.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि घरी आल्यावर नवऱ्याला म्हणायची, "तुला लांबचं फार स्वच्छ दिसतं. जवळचं तेवढं दिसत नाही."

मग गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. झालं ते उत्तम झालं, सर्जननं हसून सांगितलं. फिरा, चाला, फक्त कडाक्याची थंडी टाळा. पण घरी आल्यावर सोफ्यावर उशीला टेकून ती म्हणाली,

"आता तुझ्या मुहूर्ताची वाट बघायला मला वेळ नाही हं."

ती गमतीनं म्हणाली होती. त्यालाही ते कळत होतं. तरी दुसऱ्याच दिवशी त्यानं तळ्यावरच्या एकुलत्या एक गेस्टहाउसला फोन लावला.

"तुमच्याकडे यायला सगळ्यात चांगला मोसम कुठला?" त्यानं विचारलं.

"बर्फ धरला की या," पलीकडून एका बाईचा आवाज आला. ती तिथली मालकीण.

"बर्फात? अहो, पण मग तळं दिसणार कसं?"

"म्हणूनच सांगते."

त्यानं फोनवर हात ठेवून बायकोला हे सांगितलं, आणि दोघं पोट धरून हसली. बाईला गिऱ्हाईक नको असेल, ती म्हणाली. शेवटी सगळ्या बाजूंनी विचार करून त्यानं उन्हाळ्याची अखेर पक्की केली. गर्दी ओसरलेली, थंडी अजून लांब, रस्ता कोरडा. इतकी वर्षं डोकं शिणवून काढलेलं उत्तर बरोबर आलं, याचं त्याला मनातून कौतुकही वाटलं.

बस त्यांना पायथ्याशी सोडून गेली. दोन्ही पिशव्या त्यानं स्वतःच्याच खांद्यांवर घेतल्या आणि चढताना दर वळणावर तिला थांबवलं. गेस्टहाउस दगडी, बुटकं आणि नीटनेटकं होतं. फक्त त्याची पाठ तळ्याकडे होती. त्या बाजूच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. दारं, व्हरांडा, खुर्च्या, सगळं डोंगराच्या उघड्याबोडक्या कड्याकडे तोंड करून.

काठावर लाकडी बाकं होती. तीही सगळी उलटी. बसलं की पाणी पाठीमागे.

"ज्यानं बसवली त्याला कुणीतरी नकाशा उलटा दिला असणार," ती म्हणाली.

पर्यटन खात्यानं मागाहून बांधलेला एक लाकडी धक्का पाण्यात आत गेला होता आणि त्याच्या टोकाला एकच बाक पाण्याकडे तोंड करून होतं. पिशव्या खोलीत टाकायच्या आधीच ती तिथे जाऊन बसली. इतक्या वर्षांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून ती अशी स्वस्थ बसलेली बघून त्याचा जीव सुखावला.

तळं मात्र त्याला आवडलं नाही. का, ते पटकन सांगता येईना. वारा नव्हता, पाणी काचेसारखं स्थिर होतं. समोरच्या उतारावरची झाडं हिरवीगार होती आणि पाण्यात ती पिवळी दिसत होती. उतरत्या उन्हामुळे असेल, त्यानं स्वतःची समजूत घातली. पाण्यात काही क्षार असतील. लिफ्टच्या आरशातही माणूस जरा पिवळाच दिसतो.

सकाळी ऊन लख्ख पडलं तेव्हा पाण्यातला पिवळा रंग आणखी गडद झाला होता. तो काठावर उभा राहून बघत राहिला. पाण्यातल्या उलट्या झाडांची पानं गळत होती, खालून वर, काठाच्या दिशेनं. त्यानं मान उचलून खरी झाडं पाहिली. एकही पान हलत नव्हतं. पाण्यावरही कुठे एक पान तरंगत नव्हतं.

मालकीण विहिरीवरून बादली घेऊन चालली होती. तळं एवढं समोर पसरलेलं असताना ती विहिरीचं पाणी भरते, हे तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

"हे असं पिवळं का दिसतं?" त्यानं विचारलं.

"आमचं तळं जरा पुढे असतं," ती म्हणाली. घड्याळ पुढे आहे असं सांगावं तशी. "नाश्ता झालाय, या."

नाश्ता झाल्यावर बायकोला फोटो हवा होता. निळा स्कार्फ गळ्यात टाकून ती धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. पाठमोराच काढ, तोंडापेक्षा बरा येईल, ती म्हणाली. तो काठावरून मोबाइल डोळ्यांसमोर धरून कोन शोधत होता, तेव्हा त्याला पडद्यावर दोन बाकं दिसली. एक वरचं, एक पाण्यातलं.

वरच्या बाकावर ती होती, निळ्या स्कार्फमधली.

पाण्यातल्या बाकावर कुणीतरी मरून रंगाचा लांब कोट घालून बसलं होतं. कॉलर कानापर्यंत वर केलेली, डोक्यावर लोकरीची टोपी. डावा खांदा किंचित उतरलेला.

त्यानं मोबाइल खाली घेतला. नुसत्या डोळ्यांनीही तेच दिसलं.

"अगं," त्यानं हाक मारली. मग पुन्हा, मोठ्यानं.

तिनं वळून पाहिलं, हात हलवला. पाण्यातल्यानं मान वळवली नाही.

"काय रे? झाला का काढून?"

"उठ तिथून. आधी उठ आणि इकडे ये."

ती उठून आली. वरचं बाक रिकामं झालं. पाण्यातलं झालं नाही. ती आकृती तशीच बसून राहिली, एकटी, बाकाच्या एका कडेला, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

तो उतरलेला खांदा त्यानं ओळखला होता. वर्षानुवर्षं हत्यारांची पिशवी वाहून त्याचा स्वतःचा डावा खांदा तसाच झाला होता. शिंपी दर वेळी त्यावरून कुरकुर करायचा. म्हणजे बाकावर तो होता. आणि त्याच्या शेजारी ती नव्हती.

त्यानं बायकोला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं, उन्हाचा त्रास होतोय असं काहीतरी स्वतःबद्दलच सांगितलं, आणि तडक आत गेला. मालकीण चादरींच्या घड्या घालत होती. त्याचा चेहरा बघून तिनं हातातली चादर बाजूला ठेवली.

"किती दिसली?" तिनं विचारलं.

"एक."

"दोघं आलात ना तुम्ही?"

त्यानं मान डोलावली.

"एक दिसलं की पुढल्या वेळी एकच येतं," ती हळूच म्हणाली. "त्यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नाही हो. फोनवर म्हटलं होतं तुम्हाला, बर्फ धरला की या म्हणून."

"आम्ही येणारच नाही पुन्हा. मग?"

"नका येऊ," ती म्हणाली. लहान मुलाचं मन मोडू नये म्हणून हो म्हणावं, तसं.

तो बाहेर आला तर व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. पण ती काठावरून चालत येताना दिसली, निळा स्कार्फ हातात घेऊन.

"बाकावर राहिला होता," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

दुपारच्या बसनं ते परतले. एवढ्या लवकर का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. सबंध रस्ताभर तिनं त्याचा हात हातात धरून ठेवला होता.

घरी आल्यापासून त्याचा जीव टांगणीला लागला. कामावर एकाच दोरावरून तो तीन तीनदा बॅटरी फिरवायचा आणि घरी तिच्या गोळ्या मोजायचा. जिना चढू नको, जड उचलू नको, लोकांच्या डोळ्यांत टॉर्च मारत दिवसभर उभी राहू नको. ती झोपली की तिच्या श्वासाकडे कान देऊन पडून राहायचा. सर्जनकडे तो तिला दोनदा घेऊन गेला. दुसऱ्यांदा सर्जन जरा वैतागून म्हणाला, यांची तब्येत तुमच्यापेक्षा चांगली आहे.

कपाटही त्यानं धुंडाळलं. मरून रंगाचा कोट त्यांच्याकडे नव्हता, कधीच नव्हता. एवढाच एक आधार त्यानं धरून ठेवला. कोट नाही, तर तो माणूसही नाही. बाजारातून जाताना कपड्यांची दुकानं आली की तो रस्ता ओलांडायचा. तिनं एकदा विचारलं, थंडी येतेय, तुला काही गरम घ्यायचं का. त्यानं असा काही नन्नाचा पाढा लावला की ती बघतच राहिली.

"डोळे दाखव बरं तुझे," ती म्हणाली. दुकानात नेऊन तिनं त्याला उंच खुर्चीवर बसवलं, भिंगामागून भिंगं बदलली, अक्षरं वाचायला लावली. तो एकही चुकला नाही.

"डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली, आणि दिवा बंद करताना क्षणभर त्याच्या गालावर हात ठेवून उभी राहिली.

बाहेरच्या रस्त्यावरची झाडं पिवळी पडायला लागली. एका रविवारी ती बाजारातून आली, ती कागदात गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं छातीशी धरून. तो लगबगीनं उठला आणि जड उचलल्याबद्दल तिच्यावर डाफरला. तिनं कागद सोडला.

कोट मरून रंगाचा होता.

तो खाली बसला.

"हा कशाला आणलास?"

"तुझ्यासाठी. इतके दिवस शोधत होते. नेमका हा रंग कुठे मिळेना." ती त्याच्या शेजारी बसली. "मी पण पाहिलं होतं रे. स्कार्फ आणायला गेले तेव्हा."

त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"तू होतास बाकावर. एकटाच होतास. पण ताठ बसला होतास, बरा दिसत होतास." ती अगदी रोजच्या आवाजात बोलत होती. "मी नव्हते. त्याचं मला फारसं नवल नाही वाटलं. ऑपरेशन झालं तेव्हाच मी मनाची तयारी केली होती. पण तू होतास ना. माझ्यामागे तू तिथपर्यंत गेलास, म्हणजे खातोयस पितोयस, हिंडतोयस. मला इतकं बरं वाटलं. मग म्हटलं, कोट तेवढा घेऊन ठेवावा. तू स्वतःसाठी काही घेणार नाहीस."

त्याला रडू फुटलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"घाल बघू एकदा," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

तिच्यासाठी त्यानं तो घातला.

कोट पाठीत आवळत होता. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर राहिल्या. पुढून बटण लागेना.

"असं कसं?" ती वैतागली. "तुझं माप सांगून आणलाय मी. एकच उरला होता म्हणाला दुकानदार. काढ, बघू दे."

त्यानं काढून दिला. शिवण तपासायला म्हणून तिनं तो स्वतःच्या अंगावर चढवला आणि आरशाकडे वळली, त्याच्याकडे पाठ करून. कॉलर टोचायला लागली म्हणून ती तिनं कानापर्यंत वर केली.

बाह्या बरोबर मनगटाशी आल्या होत्या.

ऑपरेशननंतर तिचा डावा खांदा किंचित खाली उतरला होता. सर्जन म्हणाला होता, राहील तसाच थोडा. रोज डोळ्यांसमोर असून ते त्याला कधी दिसलं नव्हतं.

तो बघत राहिला. बाकावर कोण बसलं होतं ते आता त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि शेजारी कुणाची जागा रिकामी होती, तेही.

त्याला वाटलं होतं आपण घाबरू. तसं काही झालं नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला.

"उद्या बदलून आणते," ती आरशात बघत म्हणाली. "तुझ्या मापाचा मागवून देतो का विचारते."

"नको. तुला छान दिसतोय. तूच ठेव."

"आणि तू काय घालशील थंडीत?"

"मला नाही लागणार," तो म्हणाला. तिच्यासमोर जाऊन त्यानं कोटाचं वरचं बटण लावून दिलं.