लोण्याच्या तीन गोळ्या

"बसली! तिसरीचीही बॅटरी बसली!"

शेजारचा मुतुप दगडी कुंपणावरून थेट अंगणातच उडी मारून आला. यांगडोल तव्यावर खंबीर नावाची जाड भाकरी उलटत होती. हातातली भाकरी तशीच टाकून ती उठली. डोक्साला, म्हणजे उन्हाळी कुरणावर, न्यायची पोती दाराशी बांधून तयार होती. उन्हाळ्याची पंधरा दिवसांची सुट्टी, वरच्या कुरणात आबी-लेंचा, म्हणजे आजीचा तंबू, याकसारख्या झोच्या पाठीवर बसायचं, ताजं दही चापायचं, असा तिचा, मुतुपचा आणि धाकट्या स्काल्झंगचा मस्त बेत होता. पण आता कसलं कुरण आणि कसलं दही!

"आचेला कळलं?" तिने विचारलं.

"अख्ख्या गावाला कळलंय! आझांग रिगझिन चौकात उभं राहून सांगतायत, पोरीबाळींच्या हातात तारा दिल्या की असंच होणार म्हणून!"

आझांग म्हणजे मामा; रिगझिन हे मुतुपच्या आईचे भाऊ. गावाच्या मालकीच्या तीन मोटारसायकली होत्या आणि त्यांची देखभाल आझांगकडे होती. खिंडीपलीकडच्या डोक्सांवर औषधं पोचवायला रोज सकाळी त्यातली एखादी तरी जायची. येताना कधी धुकं, कधी हिमकणांचा मारा! म्हणून प्रत्येक गाडीला पुढे दोन-दोन पिवळे हॅलोजन दिवे बसवायचं गोबा-लेंनी, म्हणजे गावच्या मुखियांनी, ठरवलं होतं. हे काम त्यांनी दिलं यांगडोलच्या आचेला, म्हणजे मोठ्या बहिणीला, कुंझेसला. दोन वर्षं लेहच्या एका गॅरेजात राबून ती सगळी वायरिंग शिकून आली होती.

"काम नीट झालं तर मणिचक्राशेजारची खोली तुझ्या गॅरेजला," गोबा-ले म्हणाले होते. आणि नाही झालं तर? तर कुंझेस पुन्हा लेहला जाणार होती. यांगडोलने ती दोन वर्षं आचेवाचून कशी काढली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

आचे कोठीत बसून पाने आणि पकडी तिच्या पत्र्याच्या पेटीत भरत होती.

"आचे, तू एकदा गाड्या बघ तरी!"

"बघू कशी? औषधांची फेरी सोडली तर सभा होईपर्यंत गाड्यांना कुणी हात लावायचा नाही, असं गोबा-लेंनी बजावलंय. आज दोन वाजता सभा. शेजारच्या गावचा मिस्त्री बोलवायचं चाललंय म्हणे." कुंझेसने पेटीचं झाकण आपटलं. "रविवारी गाड्या दिल्या तेव्हा सगळं ठीक होतं गं! सोमवारी मी फ्यूज आणायला लेहला काय गेले, बुधवारी येते तर ही तऱ्हा!"

"म्हणजे घोळ सोमवारी किंवा मंगळवारी झालाय," मुतुप ऐटीत म्हणाला. "मला पहिल्यापासूनच संशय होता!"

"तुला काल जेवणातल्या मिठाचाही संशय होता," यांगडोल म्हणाली. "चल, आधी गाड्या बघू!"

"हात लावायचा नाहीये!"

"डोळे लावायला कुणी मनाई केलीय?"

तीन गाड्या वाळुंजाच्या झाडांच्या सावलीत ओळीने उभ्या होत्या. सोमवारी लामांनी येऊन त्यांची पूजा केली होती आणि प्रत्येकीच्या पुढच्या जोडदिव्यांवरून पांढरा रेशमी खताक, म्हणजे आशीर्वादाचं उपरणं, घट्ट बांधला होता. आशीर्वादाचा खताक सात दिवस सोडायचा नसतो. गावातलं शेंबडं पोरही त्याला हात लावत नाही. त्यामुळे दिवे पुढून पार झाकून गेले होते. दिव्यांची काळी पत्र्याची पाठ तेवढी मागून उघडी होती.

यांगडोलचा आठ वर्षांचा भाऊ स्काल्झंग आधीच तिथे उकिडवा बसला होता. त्याच्या बोटाला पांढरी चिकटपट्टी होती.

"हे काय करून घेतलंस?"

"सकाळी विळा लागला. आझांगनी पट्टी लावली. दातांनीच तोडली त्यांनी, टर्रकन! आणि आचे, खताकावर कुणीतरी चहा सांडलाय, बघ."

खरंच, रेशमावर दोन तपकिरी डाग होते. यांगडोलने नाक जवळ नेलं.

"हा चहा नाही. करपलंय हे!"

"करपायला काय चूल आहे ती?" मुतुप हसला.

यांगडोल मात्र हसली नाही. रविवारी आचेच्या हाताखाली पकड धरून बसली असताना तिने सगळं ऐकून घेतलं होतं. जाडी तार बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेत जाते आणि तिथून दिव्यांकडे. रिले म्हणजे दारावरचा पहारेकरी. बारक्या तारेतून त्याला हुकूम आला की तो दार उघडतो. ती बारकी तार आचेने किल्लीच्या तारेला जोडली होती. म्हणजे किल्ली बंद केली की हुकूम बंद आणि दिवेही बंद. म्हणूनच आचेने चालवणाऱ्यांना सांगितलं होतं, 'हँडलवरचं बटण चालूच ठेवा. खिंडीत जाड हातमोज्यांनी बटणं कोण चाचपत बसणार? किल्ली काढलीत की दिवे आपोआप विझतील.'

"मुतुप, किल्ली काढल्यावरही दिवे विझतच नसतील तर?"

"तर रात्री दिसले नसते का?"

"रात्रीपर्यंत टिकले तर दिसतील ना! गाडी दुपारी परत येते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, वर खताक बांधलेला. दिवे जळतायत हे कळणार कुणाला? हॅलोजन म्हणजे आधीच खादाड! दोन-तीन तासांत बॅटरी फस्त. दिवस मावळायच्या आत दिवे उपाशी मरतात!"

मुतुपने आ वासला. "म्हणजे... आचेचीच चूक?"

हाच प्रश्न यांगडोललाही पडला होता. आचेचा सांधा तिने डोळ्यांनी पाहिला होता. डाग देऊन पक्का केलेला, वरून काळी नळी चढवलेली. पण तीन गाड्या आणि तीन सांधे! कुठेतरी आचेचा हात चुकला असेल तर? तर आपण सभेत आपल्याच बहिणीचा गळा कापणार! बघायचं म्हटलं तर बाजूचं झाकण उघडायला हवं, आणि गाड्यांना हात लावायची तर बंदी.

"खरं काय ते कळलंच पाहिजे," ती शेवटी म्हणाली. "स्काल्झंग, घरून थोडं लोणी घेऊन ये. पळ!"

"खायला?"

"नाही रे खादाडा! साक्ष द्यायला!"

पहिल्या गाडीची बॅटरी काल दिवसभर सोलरवर भरली होती. थोड्याच वेळात गोबा-लेंकडून किल्ली घेऊन आझांग तीच गाडी काढून औषधं पोचवायला गेले आणि एकच्या सुमारास धुळीने माखून परतले. गाडी वाळुंजांखाली लावली, किल्ली काढली, बोटावर गरगर फिरवली.

"काय रे उंदरांनो, गाडीभोवती घुटमळताय? हात लावलात तर कान उपटेन!"

"नाही आझांग-ले! आम्ही सावलीत बसलोय," मुतुप साळसूदपणे म्हणाला.

आझांग शीळ घालत चहाला गेले. तिघं गाडी निवायची वाट बघत बसली. दोनच्या आधीच मंडळी जमू लागली. गोबा-ले आले, म्हातारे मेमे-ले काठी टेकत आले, तिरंदाजीच्या चमूतले चार-पाच जण आले. सगळ्यांत शेवटी कुंझेस आली आणि मान खाली घालून कडेला उभी राहिली.

"बोलण्यासारखं आहेच काय?" आझांगनी सुरुवात केली. "पोरगी हुशार आहे, नाही कोण म्हणतो? पण तीन गाड्या आणि तिन्ही ठप्प! उद्या वर कुणी आजारी पडलं तर औषध काय पाठीवर न्यायचं?"

माना डोलल्या. गोबा-लेंनी खाकरून तोंड उघडलं, तेवढ्यात यांगडोल पुढे झाली.

"गोबा-ले, अर्धा तास द्या. फक्त अर्धा तास! आणि थोडं लोणी ठेवायची परवानगी द्या."

"लोणी?" हशा पिकला. "पूजा पुन्हा करायची आहे का?"

"ठेवू दे रे," मेमे-ले म्हणाले. "लोण्याने कुणाचं वाईट झालंय?"

यांगडोलने बोराएवढ्या तीन गोळ्या केल्या. दोन ठेवल्या दोन्ही हॅलोजनच्या पत्र्याच्या पाठीवर आणि तिसरी मधल्या मोठ्या दिव्याच्या डोक्यावर. "तिन्ही दिवे एकाच सावलीत, एकाच वाऱ्यात. गाडी येऊन तास झाला. किल्ली कुठे आहे, आझांग-ले?"

"माझ्या खिशात! हा काय खेळ मांडलाय?"

"मग तिन्ही गोळ्या सारख्याच राहायला हव्यात. हो ना?"

"अर्थातच!" आझांग ठासून म्हणाले आणि तिथेच फसले.

अर्धा तास लागलाच नाही! चहाचा पहिला प्याला रिकामा व्हायच्या आत डाव्या दिव्यावरची गोळी घसरली. मग उजवीकडची. पिवळा ओघळ पत्र्यावरून खाली टपकला. मधल्या मोठ्या दिव्यावरची गोळी मात्र जशीच्या तशी!

"वितळलं!" स्काल्झंग किंचाळला. "किल्ली खिशात आणि दिवा गरम!"

मेमे-ले उठले. त्यांनी खताकाची कड कपाळाला लावली आणि हळूच वर उचलली. आतून पिवळाजर्द झोत त्यांच्या तोंडावर पडला. मंडळी दचकून मागे सरली.

सगळ्यांत आधी सावरले ते आझांग. "बघा! मी काय म्हणत होतो? पोरीने दिवे असे जोडलेत की ते बंदच होत नाहीत! स्वतःच्या बहिणीनेच दाखवून दिलं!"

आचेने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग नव्हता. यांगडोलने सगळा धीर एकवटला.

"झाकण उघडा, गोबा-ले. आचेचा सांधा काळ्या नळीतला आहे. बारकी तार किल्लीच्या तारेला लावलेली आहे. तसं नसेल तर... तर चूक आमची."

गोबा-लेंनी बाजूचं झाकण काढलं. यांगडोल गुडघ्यांवर बसली. जाडी तार जागच्या जागी होती, फ्यूजही होता. आणि बारकी तार? काळी नळी अर्ध्यावर कापलेली होती! तिथून ती तार थेट बॅटरीच्या टोकाला नेलेली, आणि वरून गुंडाळली होती पांढरी चिकटपट्टी.

"हे माझं काम नाही!" कुंझेस ओरडली. "अशी पट्टी मी आयुष्यात तारेला लावणार नाही!"

"ही औषधाच्या पेटीतली पट्टी आहे," मुतुप म्हणाला.

स्काल्झंगने आपलं बोट त्या तारेशेजारी धरलं. तीच पट्टी. आणि दोन्हींची टोकं दातांनी कुरतडल्यासारखी!

सगळ्यांच्या नजरा आझांगकडे वळल्या. आझांगनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"अहो, ते... सोमवारी तिरंदाजीचा सराव होता ना! अंधार पडला. निशाणावर उजेड हवा होता. किल्ल्या तुमच्या खिशात, गोबा-ले, आणि तुम्ही पल्याडच्या गावाला. मग मी म्हटलं, पहारेकऱ्याला बॅटरीवरूनच हुकूम देऊ. तिन्ही गाड्यांना तसंच केलं. खताक जरा वर सरकवले होते, आशीर्वाद कुठे सोडला नाही हो! सराव संपल्यावर बटणं बंद केली, खताक नीट केले. तार मात्र परत जोडायची राहून गेली!"

"आणि दुसऱ्या दिवसापासून बटण चालू ठेवून गाडी चालवली," यांगडोल म्हणाली, "किल्ली काढली की दिवे विझतील म्हणून."

"तिनेच तसं सांगितलं होतं ना!"

"तिच्या जोडणीसाठी सांगितलं होतं, आझांग-ले! तुमच्या जोडणीसाठी नाही!"

तिरंदाजांच्या घोळक्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसतोस काय?" मेमे-लेंनी काठी आपटली. "त्या उजेडात बाण तूही मारलेस! तेव्हा किल्लीवाचून दिवे लागले कसे, हे तुला विचारावंसं वाटलं नाही? आणि तीन दिवस ही पोर खाली मान घालून फिरतेय, तेव्हा कुणाची वाचा बसली होती?"

हशा जागच्या जागी थिजला. आझांगचा चेहरा जर्दाळूसारखा लाल झाला. ते कुंझेससमोर जाऊन उभे राहिले.

"नोमो, पोरी, चूक माझी. माझ्या डोक्यातच आलं नाही, खरं सांगतो. आणि चौकात जे बोललो, ते मी चौकातच परत घेईन. सगळ्यांसमोर."

कुंझेसने डोळे पुसले. "घ्यालच. पण आधी ती पट्टी सोडा. दातांनी नको!"

आता मात्र हसण्याला बांध राहिला नाही. गोबा-लेंनी तिन्ही पोरांना जवळ बोलावलं. स्काल्झंगच्या गालाला हात लावला, मुतुपच्या पाठीवर थाप मारली आणि यांगडोलपुढे क्षणभर थांबले.

"बहिणीची चूक निघाली असती तर काय केलं असतंस?"

"रडले असते," यांगडोल म्हणाली. "पण झाकण उघडाच म्हणाले असते. वर आबी-ले आहेत ना, त्यांनाही औषध लागतं."

गोबा-लेंनी अंगातल्या गोंचाच्या कमरपट्ट्यातून एक जुनी लोखंडी किल्ली काढली आणि कुंझेसच्या तळहातावर ठेवली.

"मणिचक्राशेजारची खोली. छप्पर गळतं, ते आझांग दुरुस्त करतील. उघडतेस कधी?"

कुंझेसने उत्तर द्यायच्या ऐवजी यांगडोलला मिठीच मारली. यांगडोलने इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिच्या खांद्यावर मोकळं केलं. मग आचे घराकडे धावली आणि मघाशी भरलेली पत्र्याची पेटी उचलून घेऊन आली. दोन गाड्यांचे सांधे तिने स्वतः केले. तिसऱ्या गाडीशी आल्यावर तिने पकड यांगडोलच्या हातात दिली आणि म्हणाली, "हा तू कर. मी बघते."