आधी पोचलेली

चुकाताईंचं खरं नाव छापखान्यात कुणी घेत नसे. तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढल्या, त्यातून हे नाव चिकटलं. ताईंना त्याचा राग नव्हता, उलट थोडा तोराच होता. लग्नाची पत्रिका हातात आली तरी त्या आधी पेन शोधायच्या आणि मग तारीख बघायच्या.

या सवयीनं त्यांचा घात एकदाच केला, पण पुरता केला. चार वर्षांपूर्वी परदेशातून लेकीचं सात पानी पत्र आलं. लग्न करतेय, तुला न विचारता करतेय, रागावू नकोस, असं बरंच काही त्यात होतं. काय लिहावं ते ताईंना सुचेना. मग त्यांनी जे येत होतं तेच केलं. सातही पानं तपासली आणि लाल खुणांसकट परत पाठवली. त्यानंतर लेकीनं अवाक्षर काढलं नाही.

या वर्षी ताई त्याच मुलखात, समुद्राच्या अलीकडच्या काठावर, शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे येऊन राहिल्या. मैत्रिणीला भेटणं हे निमित्त. लेकीच्या जवळपास जाऊन बसावं, तिला तेवढं कळवावं, बोलावणं आलं तर आलं, असा मनातला बेत. तीन आठवडे झाले आणि खरंच दोन ओळींचा निरोप आला. मुलगी झालीय. शनिवारच्या बोटीनं ये, मी धक्क्यावर उभी राहीन.

शनिवारी सकाळी टॅक्सी दारात आली. बॅग मागे ठेवली, गळाभेट झाली, मैत्रिणीचे डोळे भरून आले. ताई टॅक्सीपर्यंत गेल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की चष्मा आणि फोन दोन्ही वर पलंगावर राहिलेत. त्या तशाच मागे फिरल्या.

परत खाली आल्या तर मैत्रीण हातात पाण्याचा पेला घेऊन जिन्याशी उभी. "निघाल्यावर मागे फिरलीस ना? आता जरा टेक, घोटभर पाणी पी आणि मग नीघ."

"हे तुझं खूळ अजून आहे का?"

"खूळ तर खूळ. आमच्या घरात कुणी मोडत नाही. निघालेलं माणूस टेकल्याशिवाय पुरतं परत येत नाही म्हणतात. एक मिनिट बसलीस तर काय बिघडेल?"

"बंदराची बस चुकेल, बाई! बोट चुकली तर लेक पुन्हा बोलवायची नाही मला." ताईंनी पेला हसत बाजूला सारला आणि त्या धावतच बाहेर पडल्या.

दारात टॅक्सी नव्हती.

मैत्रिणीच्या नवऱ्यानं मुकाट्यानं स्वतःची गाडी काढली. बसथांब्याच्या अलीकडे तीच टॅक्सी रिकामी परत येताना दिसली, तेव्हा त्यानं हात करून ती थांबवली. टॅक्सीवाला काच खाली करून ताईंकडे बघतच राहिला. "आत्ताच तर तुम्हाला सोडलं! बॅगही तुमच्याच हातात दिली. इतक्यात इकडे कशा आलात?"

"मला? अहो, मी तर आत्ता येतेय."

"भाऊजी, चोरी झाली हो माझी," ताई मैत्रिणीच्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. कुणी तरी बाई आयत्या टॅक्सीत बसून बॅग घेऊन गेली, हे उघड होतं. तक्रार करायला वेळ कुणाला होता? नऊची बस गेली होती, साडेनऊची उभी होती. बॅगेत बाळासाठी घेतलेली दुपटी होती, त्याची हळहळ करत ताई बसमध्ये चढल्या. भाऊजी खिडकीपाशी थांबले. काही तरी बोलायचं होतं त्यांना, पण ते नुसतंच "सांभाळून" म्हणाले.

रस्ता चांगला होता. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मधूनच एखादं गोदाम, मग पाइनची झाडं. ताईंनी लेकीला म्हणायचं वाक्य पुन्हा मनात घेतलं. महिनाभर त्या ते घडवत होत्या. "मी जे केलं त्यामागे तुझ्याविषयी दुरावा नव्हता, तर..." इथे त्या दर वेळी अडायच्या. कधी शब्द बदलायचा, कधी वाक्य उलटं फिरवायचं. माफी मागायची होती, आणि नेमकी माफीच वाक्यात बसत नव्हती.

बंदरावर पोचेपर्यंत धुकं उतरलं होतं. ओल्या दोरांचा आणि डिझेलचा वास येत होता. शिडीपाशी एक कारकून यादीवर खुणा करत होता आणि प्रत्येकाला एक पिवळं कार्ड देत होता. पलीकडे उतरताना ते परत द्यायचं, म्हणजे बोटीवर कुणी मागे राहिलं का ते कळतं. ताईंनी फोनवरचं तिकीट दाखवलं. कारकुनानं मान वर केली.

"तुम्ही पुन्हा खाली कशाला उतरलात?"

"मी आत्ताच येतेय."

"कार्ड नेलंत की मघाशी! चष्मा घरी राहिला म्हणालात, मी तुम्हाला आसनाचा नंबर वाचून दाखवला." त्यानं ताईंच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. "सापडला वाटतं. चला, वर चढा. शिडी काढायचीय."

चोरणाऱ्या बाईला चष्मा घरी राहिल्याचं कसं ठाऊक? ताई वर चढल्या.

बोट सुटली. बाहेर धुकं इतकं दाट की पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ताईंनी खालचा मजला पाहिला, चहाची खोली पाहिली. वरच्या बैठकीत काचेशी, पाठमोरी, एक बाई बसली होती. पायाशी ताईंची बॅग. अंगावर ताईंच्याच अंगावर होती तशी करड्या रंगाची शाल. अंबाड्यातून डावीकडे निसटलेली बट... ताईंचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. बट तिथेच होती.

आपण किंचाळू असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तीस वर्षांच्या सवयीनं डोक्यात एकच विचार आला. अक्षरं जुळवणाऱ्याच्या हातून एखादा शब्द दोनदा पडतो. अशा वेळी पहिला ठेवायचा आणि दुसरा काढायचा. ताईंनी असे हजारो शब्द काढले होते, जराही वाईट न वाटता.

ती बाई हलक्या आवाजात काही तरी म्हणत होती. ताई दोन पावलं पुढे झाल्या.

"माझं चुकलं गं. पत्र वाचायचं असतं... मी ते तपासत बसले."

एवढंच. मग थोडं थांबून पुन्हा तेच. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभरात त्यांना न जमलेलं वाक्य ते हेच होतं, आणि त्यात काढण्यासारखा एक शब्द नव्हता. खांद्यावर हात ठेवावा, हिला वळवावं, असं मनात आलं. पण हात उचलवेना. तिनं वळून पाहिलं तर... तर पुढे काय, ते ताईंना माहीत करून घ्यायचं नव्हतं. त्या मागे सरत जिन्यापर्यंत आल्या आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिल्या.

उतरताना रांग लागली. ताईंपाशी कार्ड नव्हतं. "सगळे उतरू द्या, मग बघू," दारावरचा माणूस म्हणाला आणि त्यानं त्यांना बाजूला उभं केलं. इकडे धुकं विरळ होतं. कठड्यावरून धक्का स्वच्छ दिसत होता.

लेक उभी होती. जरा जाड झाली होती, केस आखूड केले होते. छातीशी पांढऱ्या कापडातलं गाठोडं. ताईंनी हाक मारली, पण इंजिनाच्या घरघरीत ती त्यांनाही ऐकू आली नाही. करडी शाल गर्दीतून लेकीसमोर जाऊन थांबली. काही तरी बोलली, फार तर दोन वाक्यं. लेकीचा चेहरा आधी ताठ होता. मग तो विरघळला, आणि तिनं बाळासकट स्वतःला त्या शालीत लोटून दिलं.

ताईंनी फोन लावला. खाली लेकीनं पर्स चाचपून फोन काढला, पडद्यावरचं नाव पाहिलं आणि कानाला लावला.

"हॅलो? हा माझ्या आईचा फोन आहे. तुम्हाला कुठे सापडला?"

"अगं, मीच बोलतेय... वर बघ. बोटीवर. मी इथे आहे."

लेक हसली. चार वर्षांनी ताई ते हसू ऐकत होत्या. "आई, कुणी तरी अगदी तुझ्याच आवाजात बोलतंय गं," ती शेजारी वळून म्हणाली.

करड्या शालीनं तोवर बाळाला आपल्याकडे घेतलं होतं. बोटीकडे तिनं पाहिलं नाही. फोनमधून ताईंना त्यांचाच आवाज आला, समजुतीचा, जरा दमलेला.

"ठेव तो फोन. कोण आहे ते मला ठाऊक आहे. थोडे दिवस करील, मग नाही करायची."

आणि आईचं एकही म्हणणं कधी निमूट न ऐकणाऱ्या लेकीनं फोन ठेवला.