पडद्यापर्यंतची वाट

शनिवारी संध्याकाळी आबा माउस हलवत होते आणि मोठ्या पडद्यावरचा बाण त्यांच्या मागून रखडत येत होता, रुसलेल्या पोरासारखा.

"आबा, तुमचा बाण झोपेत चालतोय!" दहा वर्षांची नात मिहिका खिदळली.

आबाही हसले. पक्षाघातानंतर त्यांचे शब्दही असेच उशिरा यायचे. टेबलावर त्यांचा लिनक्स (संगणक चालवणारी एक मुक्त प्रणाली) असलेला लॅपटॉप होता. शेजारी डॉक (एकाच केबलने लॅपटॉपला सगळं जोडणारी पेटी) आणि डॉकला जोडलेले दोन मोठे पडदे. त्यांवर बघून आबा चंद्रावरची 'टिटवी' चालवत. हौशी निरीक्षकांच्या मंडळाने पाठवलेली ही मांजराएवढी गाडी एका दरीत होती. महिनाअखेरीस दरीत सूर्य मावळणार होता. त्याआधी टिटवी उन्हातल्या कड्यावर पोचली नाही, तर लांबलचक रात्रीत गारठून कायमची बंद पडणार होती.

आबांनी डॉककडे बोट केलं. "वाट..."

"वाट लागली लॅपटॉपची, हेच ना?" त्यांची मुलगी चारुता हिने नेहमीसारखं त्यांचं वाक्य पुरं केलं. "म्हातारा झालाय तो, आबा. नवा घेऊ."

आबांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा तोंड उघडलं. पण कुकरची शिट्टी झाली आणि चारुता आत गेली.

रविवारी सकाळी आबा उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर मंडळातून फोन आला. "टिटवीला कड्यावर न्यायची पाळी आबांची होती. तुम्ही न्याल?"

नाही म्हणणं चारुताच्या जिवावर आलं. मिहिका खुर्चीत बसली, चारुता मागे उभी राहिली. टिटवी निघाली खरी, पण पडद्यावरचं चित्र हललं तेव्हा ती एका खड्ड्याच्या काठाशी पोचलीही होती.

"थांबव! चंद्र लांब आहे ना, म्हणून उशीर होतोय," चारुता म्हणाली.

"पण आई, बाण कुठे चंद्रावर आहे?"

चारुताने बाण लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर आणला. तिथे तो खारीसारखा पळाला. मोठ्या पडद्यावर नेला की पुन्हा रखडला. म्हणजे लॅपटॉप म्हातारा झालेला नव्हता.

"आबा म्हणायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची," मिहिकाने आठवण करून दिली.

चारुताने एका पडद्याची केबल डॉकमधून काढून थेट लॅपटॉपला लावली. त्या पडद्यावर बाण पळू लागला.

"डॉक आळशी आहे!" मिहिका म्हणाली.

"आळशी नाही गं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठेक वेळा नव्याने पाठवावं लागतं. थेट केबलमधून ते आहे तसं जातं. काही डॉकही तसंच पाठवतात. पण हा त्यातला नाही. याच्यासाठी लॅपटॉपचा प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) प्रत्येक चित्र दाबून लहान करतो, गोधडीचं गाठोडं बांधावं तसं. डॉक ते सोडतो. पडदे दोन आणि मोठे, मग गाठोडी तुंबतात."

"म्हणजे चित्र आत वेळेवर तयार असतं?"

"असतं. पण बाहेर यायला त्याला लांबची वाट..."

चारुता तिथेच थांबली. त्या शनिवारी आबांचं बोट डॉककडे होतं. आणि तिने त्यांचं वाक्य पुरं करून टाकलं होतं.

"आई?"

"काही नाही. तो दुसरा पडदा बंद कर, आणि ने टिटवीला."

मिहिकाने कळ दाबली. "आता का हलत नाहीये?"

"हा उशीर मात्र खरंच चंद्राचा. आपला निरोप जायला सव्वा सेकंद, तिथलं चित्र यायला सव्वा. कुठलीही केबल बदलून तो कमी होत नाही. इथे थांबायचंच असतं."

दोघी थांबल्या. टिटवी हलली. खड्ड्याला वळसा घालून, अडखळत, थांबत ती चढत राहिली आणि शेवटी पडदा उन्हाने भरून गेला. मिहिका टाळ्या पिटत उठली.

चारुताने रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही सावकाश बोला. मी वाट बघते."